चौथं नाक आणि सासूबाईंचा हात

मी फक्त डबा बदलला होता. घर बदललं नव्हतं, नवरा बदलला नव्हता (तसा विचार अधूनमधून येतो, पण तो कुणाला येत नाही?). एक जुना, पिवळट पडलेला प्लास्टिकचा डबा तेवढा बदलला, आणि आमच्या घरातली चूलच विझली.

आधी मी काय काम करते ते सांगायला हवं, नाहीतर माझी फजिती किती मोठी ते तुम्हाला कळणार नाही. मी वास घेते. पगारी.

हसू नका. खाण्याचे पदार्थ ज्यात भरतात त्या पिशव्या, खोकी, बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमचे कप असलं सगळं आमच्या लॅबमध्ये तपासायला येतं. आता पिशवी म्हणजे काही नुसती पिशवी नसते. तिच्यावर शाई असते, शिवणीला गोंद असतो, आतून मेणाचा पातळ हात फिरवलेला असतो. यातलं काही कुणी मुद्दाम खाण्यात घालत नाही. ते आपलं आपण उतरतं. न बोलावलेल्या पाहुण्यासारखं आधी दारात उभं राहतं, मग हळूच आत येऊन बसतं, आणि मग जाता जात नाही. किती उतरलं ते मोजायला लॅबमध्ये मोठमोठी यंत्रं आहेत. पण वास कसा आहे हे काही यंत्राला सांगता येत नाही, म्हणून तिथे आम्ही आहोत. सहा नाकं.

आम्हाला तिथे नावानं कुणी हाक मारत नाही. मी चौथं नाक. 'चौथं नाक आलं का?' 'चौथं नाक जेवायला गेलंय.' 'चौथ्या नाकाला सर्दी झालीय, रजा द्या.' पिशवीचे तुकडे काचेच्या बरणीत बंद करून उबेला ठेवतात. मग सकाळी आम्ही एकेकानं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि गुण द्यायचे. शून्य म्हणजे वासच नाही. चार म्हणजे आधी हे इथून उचला. गुणांबरोबर एक शब्दही द्यावा लागतो: ओला पुठ्ठा, नवी चप्पल, विझवलेली मेणबत्ती, असा. आणि दर वेळी एक बरणी कोरी ठेवतात, काहीही न घातलेली. तुलना करायला.

हे गुण देणं माझ्या अंगात इतकं भिनलंय की मी घरीही देत सुटते. ह्यांचे मोजे साडेतीन. (चार देता येतील, पण संसार करायचाय.) लेकीचं नवं अत्तर तीन, शब्द: लिफ्टमध्ये अडकलेलं फूल. घरातले सगळे माझ्या नाकाला वचकून असतात, असा माझा समज होता. तो या गोष्टीच्या शेवटपर्यंत टिकत नाही, तेव्हा आत्ताच बघून घ्या.

तर सासूबाईंची बिस्किटं.

गोल, जाडसर, वर काट्यानं टोचलेली. त्यात मैदा, लोणी, साखर आणि चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. पण खाणारा प्रत्येक जण पहिला घास घेतला की थांबायचा आणि विचारायचा, "बदाम घातलेत ना?"

"छे, बदाम कुठले," सासूबाई म्हणायच्या. "एकेकाच्या हाताला चव असते." आणि हे म्हणताना न चुकता माझ्या हातांकडे बघायच्या.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तो बदाम शोधत होते. माझी खात्रीच होती की त्या लपवून घालतात. सुनेला सगळं शिकवायचं आणि एक गोष्ट हातची राखायची, ही सासूपणाची पहिली पायरी असते म्हणतात. मी तांदळाच्या पिंपामागे शोधलं, शिलाई मशीनच्या खणात शोधलं, त्यांच्या गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीचासुद्धा वास घेऊन बघितला. (तीन. शब्द: गुडघा.) पीठ मळताना शेजारी ठाण मांडून बसले. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, जरा फडकं आण." मी मनात म्हटलं, आता! आता घालणार! दारातून जी उलटी धावत आले, तर त्या नुसत्या उभ्या.

"फडकं?" त्या म्हणाल्या.

बिस्किटांचा एक नियम मात्र घरात कडक होता. ट्रेमधून काढल्या काढल्या, वाफ निघत असतानाच ती त्या जुन्या डब्यात भरायची, झाकण कोपरानं दाबून लावायचं (नुसत्या हातानं ते लागत नसे), आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. "मुरायला हवीत," सासूबाई म्हणायच्या. "ताजं बिस्किट खाल्लं की पोटात दुखतं." ह्यांचे केस पिकले, पण ते अजूनही हे खरं मानतात.

लेकीनं एकदा ती बिस्किटं मैत्रिणीकडे नेली. मैत्रिणीचे वडील बेकरीवाले. कोपऱ्यावरचं छोटं दुकान नव्हे हं, चांगली मोठी काचेची, आत दिवे लावलेली बेकरी. गृहस्थ स्वतः आमच्या घरी आले. अंगठ्या, पोट, आवाज, सगळंच भरगच्च. त्यांनी बिस्किट उचललं, डोळे मिटले आणि वास घेतला. परत घेतला. परत घेतला. मग खाल्लं आणि म्हणाले, "हं."

दुसरं घेतलं. वास, वास, वास. "हं."

मग डोळे उघडून म्हणाले, "आजी, असा खुसखुशीतपणा मी जन्मात पाहिला नाही. चवीबद्दल... चवीबद्दल मी एकदा परत येऊन बोलतो. पुढच्या रविवारी येऊ?"

ते गेल्यावर हे म्हणाले, "बघितलंस? माणसाला शब्द सुचेना!"

सासूबाई दिवसभर घरात तरंगत होत्या. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, ते पाकिटावर नाव घालतात का गं, करणाऱ्याचं?"

"घालतील की."

"नाही, म्हणजे... आजवर मी कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको, मग ह्याची आई. बेकरीत चार माणसं माझं नाव वाचतील. गंमत वाटेल नाही?" आणि लाजल्या. सासूबाईंना लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते. (त्यांनी मला लाजवल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत.)

आता एवढ्या मोठ्या गोष्टीत सुनेचा काही हातभार नको? मी ठरवलं, डबा बदलायचा. बेकरीवाल्यापुढे तो पिवळा, वाकड्या झाकणाचा डबा ठेवायचा म्हणजे माझ्या धंद्याला काळिमा. मी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून भाषणच दिलं. म्हटलं, "आई, गरम पदार्थ आणि त्यात लोणी! जुन्या प्लास्टिकातलं काय काय ओढून घेत असेल ते. लॅबमध्ये आम्ही हेच तर बघतो."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "तुझं नाक मोठं."

मी काचेची सुंदर उंच बरणी आणली आणि जुना डबा खाली जिन्याजवळ, कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवून आले. हात झटकले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मंगळवारी पहिलं बिस्किट लेकीनं खाल्लं. थांबली. "आजी, काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"माहीत नाही. छान आहे, पण... कुणीतरी घरी नसल्यासारखं लागतंय."

ह्यांनी चार खाल्ली आणि म्हणाले, "मस्त! पण आपली नेहमीची कुठायत?"

सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा पडला. मग मैद्यावर संशय गेला. नवा मैदा आला. मग लोण्यावर. मग ओव्हनवर. बिस्किटांचे घाणेच्या घाणे निघाले, सगळे खुसखुशीत, सगळे गोड, आणि एकातही तो बदाम नाही. शेवटी त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले.

"गेली."

"काय गेलं, आई?"

"हाताची चव गेली."

खुर्चीत जाऊन बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, शेजारणीकडून आणलेली भांडी परत करायला काढून ठेवावीत तसे.

मी म्हटलं, अहो असं कुठे असतं? तर म्हणाल्या, "तुला नाही कळायचं. ज्याच्याकडे असते त्यालाच गेल्याचं कळतं." (हे मला उद्देशून होतं. दुःखातही नेम चुकत नाही.) आणि त्यांनी जाहीर केलं की चव नसलेल्या हातानं त्या यापुढे कुणाच्या ताटात काही वाढणार नाहीत.

म्हणजे स्वयंपाक माझ्याकडे आला.

मी वासात हुशार आहे. स्वयंपाक ही वेगळी शाखा. पहिल्या दिवशी सूप केलं. हे बराच वेळ चमचा ढवळत बसले. नवऱ्याला बायकोच्या सूपबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं असतं, पण सापडत नसतं, ती शांतता तुम्हाला माहीत असेल. शेवटी म्हणाले, "गरम आहे."

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना ऑफिसात फार काम निघायला लागलं आणि लेकीला कॉलेजच्या कँटीनबद्दल एकाएकी प्रेम वाटायला लागलं. सासूबाई माझं केलेलं मुकाट्यानं खात. तेच सगळ्यात भयंकर. त्यांनी एकदा तरी नाक मुरडावं म्हणून मी भाजीत मुद्दाम मीठ दुप्पट घातलं. खाल्लं हो त्यांनी! पाणी पिऊन "छान" म्हणाल्या. मी मोरीत जाऊन रडले.

मधल्या मध्ये तो रविवार आला. बेकरीवाल्यांना काय सांगायचं? ह्यांनी फोन केला, "आज नका येऊ. आईचा हात मुरगळलाय."

झालं. माणूस भला. अर्ध्या तासात ताजा पाव घेऊन चौकशीला दारात हजर.

"बँडेज! बँडेज कुठाय?" हे कुजबुजत घरभर धावले.

"मी खोटं बोलणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू बोलू नकोस. नुसता हात धर."

बँडेज सापडेना, म्हणून माझी सुती ओढणी गुंडाळली. बेकरीवाले हळहळले, पाव ठेवून गेले. चार-दोन दिवसांनी परत आले, या वेळी केक घेऊन. परत धावपळ, परत ओढणी. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, मग ओढणीकडे, मग परत सासूबाईंकडे.

"परवा डावा होता ना?"

"पसरलंय," हे म्हणाले.

"दोन्ही हातांना आराम सांगितलाय डॉक्टरांनी," लेकीनं सारवासारव केली. "आळीपाळीनं."

बेकरीवाले सावकाश उठले. म्हणाले, "आजी, घाई नाही. पण नव्या फळीवर एकाच घरगुती बिस्किटाची जागा आहे, आणि दुसऱ्या एक बाई मागे लागल्यात. या रविवारी येतो. जमलं तर जमलं."

ते गेल्यावर सासूबाईंनी ओढणी सोडली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "सांगून टाका त्यांना. त्या दुसऱ्या बाईंना देऊ दे जागा." मग खोलीत गेल्या. ती घडी इतकी नीट होती की मला रात्री जेवण गेलं नाही. (अर्थात ते मीच केलेलं होतं, हेही एक कारण.)

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रांगेनं बरण्या मांडल्या होत्या. पहिली: शून्य, ती कोरी. दुसरी: एक, ओला पुठ्ठा. तिसरीचं झाकण उघडलं, नाक आत घातलं, आणि मी किंचाळलेच.

"चार!"

लॅबच्या मॅडमनी मान वर केली. "शब्द?"

"सासूबाई!"

बाकीची नाकं बरण्यांतून वर आली. पाचव्या नाकाचं नुकतंच लग्न झालंय. ते एकटंच मान डोलवून म्हणालं, "मला कळलं."

"चौथं नाक," मॅडम म्हणाल्या, "वासाचा शब्द सांगा. नात्याचा नको."

"बदाम, मॅडम. बदाम! काय आहे हे?"

"कागदी पिशवी. शिवणीला जुन्या पद्धतीची पांढरी खळ लावलीय, पुस्तकांना लावतात तशी. नासू नये म्हणून त्यात काहीतरी घालतात, त्याचा वास. चार म्हणजे नापास. पुढची बरणी."

माझ्या डोक्यात मात्र पुढची बरणी उघडेचना. पुस्तकांना लावतात तशी! आमचे सासरे, सासूबाईंचे हे, जन्मभर पुस्तकबांधणी करायचे. मी संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी ह्यांना गाठलं.

"अहो, तो बिस्किटांचा डबा मुळात कसला होता?"

"बाबांचा."

"बाबांचा म्हणजे?"

"खळीचा. दुकानात खळ यायची त्यात. आईनं धुऊन घेतला होता. काय मस्त असायची! मी लहानपणी बोटानं खायचो."

"खायचात?"

"बदामासारखी लागायची."

मी भिंतीला टेकले. "आणि हे इतक्या वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"तू विचारलंस कुठे?" हे म्हणाले. "तू बदाम शोधत होतीस."

म्हणजे इतकी वर्षं हे आख्खं कुटुंब आवडीनं खळ खात होतं. ह्यांचं सोफ्याला चिकटून बसणं एकदम समजलं मला. मी त्यांना इतकी वर्षं उगीच आळशी म्हणत होते.

डबा जिन्याखाली नव्हता. तळमजल्यावरच्या टेलरकाकांकडे होता. मशीनशेजारी, बटणांनी भरलेला.

"काका, हा डबा माझा."

"फेकलेला होता."

"ठेवलेला होता."

"पिंपाशेजारी?" काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "तिथे माणूस हौसेनं काय ठेवतो?"

"काका, द्या ना. घरात फार गरज आहे."

"मलाही आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, काका, तुमच्या बटणांना काय वास येतो हो! परवा एका बाईंचं पोर कोटाचं बटण चोखत बसलं. माप घेऊन झालं तरी हूं नाही की चूं नाही. असा डबा मी सोडीन होय?"

शेवटी माझा ऑफिसचा जेवणाचा स्टीलचा डबा दिला तेव्हा कुठे सौदा जमला. तीन पुडांचा. मोठी बटणं, लहान बटणं आणि हूक. काका खूश झाले. (मी त्यानंतर लॅबमध्ये काचेच्या बरणीतून जेवण न्यायला लागले. दुसऱ्या नाकानं ती चुकून उघडली आणि माझ्या भाजीला तीन दिले. शब्द: करपलेली दोरी.)

घरी डबा पालथा केला, उलटा केला. काही नाही. मग झाकणाच्या आतली पुठ्ठ्याची चकती सुरीनं उचकटली, आणि तिच्यामागे होता खळीचा थर. दगडासारखा घट्ट. दर वेळी गरम बिस्किटांची वाफ लागली की हा जागा होत असणार, आणि आपलं थोडंथोडं खाली सोडत असणार.

आता आली का पंचाईत? सांगितलं तर सासूबाईंच्या हाताची आयुष्यभराची कीर्ती म्हणजे खळ, हे सांगावं लागणार. नाही सांगितलं तर त्या हात मांडीवर ठेवून बसणार, आणि आम्ही माझं सूप पिणार. शहाण्या माणसानं अशा वेळी खरं सांगितलं असतं. मी चकती परत बसवली.

"आई, एकदाच करा," मी शनिवारी गळ घातली. "शेवटचं. माझ्यासाठी."

कशाबशा उठल्या. बिस्किटं केली. त्यांची पाठ वळल्यावर मी अर्धी गरमगरम जुन्या डब्यात भरली आणि अर्धी काचेच्या बरणीत. (अर्धी बरणीत का? लॅबची सवय. एक नेहमी कोरी ठेवायची.)

रविवारी सकाळी त्यांच्यापुढे जुन्या डब्यातलं एक ठेवलं. त्यांनी घास घेतला. थांबल्या. डोळे मोठे झाले.

"आली!"

"काय आलं?"

"अगं, चव आली! हातात आली!" दोन्ही हात समोर धरून त्या बघतच राहिल्या. मग ताडकन उठल्या, स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि माझ्या कढईत डोकावून पहिल्यांदाच नाक मुरडलं. "हे काय केलंयस? हो बाजूला."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! हे आणि लेक दारात उभे राहून एकमेकांना टाळ्या देत होते. आणि तेवढ्यात सासूबाईंना ओट्यावरचा जुना डबा दिसला. म्हणाल्या, "हा डबाच चांगला गं. बेकरीवाल्यांना यातलीच देऊ. आणि त्यांना सांगू, बेकरीतही सगळी बिस्किटं यातच मुरवायची."

घरात गुपचूप खळ खाणं वेगळं आणि गावाला खायला घालणं वेगळं! उद्या तेच पाकीट तपासायला आमच्या लॅबमध्ये आलं, तर चार द्यायचे कुणी? मीच. आणि शब्द?

"आई," मी म्हटलं, "बसा जरा."

सांगितलं. झाकण, चकती, वाफ, बटणं, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या हातांकडे बघत होते. हात हलले नाहीत.

मग त्यांनी झाकण उचललं. नाकाजवळ नेलं.

"ह्यांचा वास आहे हा," त्या म्हणाल्या. "दुकानातून घरी यायचे ना, तेव्हा हाताला हाच असायचा. नवं लग्न झालेलं. मला वाटायचं, माणूस रोज बाहेर बदाम खाऊन येतो आणि मला एक आणत नाही. त्यांचे खिसे तपासायची मी."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेवढ्यात सासूबाईंनी झाकण टेबलावर आपटलं.

"बघ, बघ! जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही ह्यांनी, आणि माझ्या बिस्किटांचं श्रेय घेऊन बसलेत! झाकणात लपून!"

"आई..."

"काही आई नाही. ती काचेची बरणी आण. नुसत्या माझ्या हाताची काय असेल ती चव खाऊ दे त्या माणसाला. आवडली तर आवडली."

"आणि नाही आवडली तर?" लेकीनं विचारलं.

"तर तुझ्या आईचं सूप पाजते त्यांना."

बेल वाजली. बेकरीवाले आत आले. आधी त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात नीट पाहून घेतले. "दोन्ही बरे?"

"दोन्ही," सासूबाई म्हणाल्या आणि बरणी पुढे केली.

त्यांनी बिस्किट घेतलं. डोळे मिटले. वास घेतला. परत घेतला. परत घेतला. खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं उचललं, मग हळूच डोळे उघडले.

"आजी, एक विचारू? काय बदललंत?"

सासूबाई ताठ बसल्या. "डबा."

"सुटलो!" बेकरीवाले एवढ्या जोरात म्हणाले की बरणीचं झाकण वाजलं. "अहो, काय सांगू! पहिल्या दिवशी खाल्लं, पोत बघितला तर सोनं! पण वास? शाळेतल्या गोंदाचा! वह्या खाल्ल्यासारखं वाटत होतं. बायकोला म्हटलं, आता या वयाच्या बाईंना कसं सांगायचं? म्हणून म्हटलं परत जाऊ, तोवर घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येईल. तर तुमचा हात मुरगळला. तेही दोन्ही." तिसरं बिस्किट तोंडात टाकत त्यांनी मान डोलवली. "हे मात्र एक नंबर. लोणी, साखर आणि हात. बाकी काही नाही. पुढच्या आठवड्यापासून द्या. पाकिटावर नाव काय घालू?"

सासूबाईंनी पदर सावरला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर. मधलं नाव सांगताना जरा थांबल्या, झाकणाकडे बघितलं, आणि मग तेही सांगून टाकलं.

बेकरीवाले जायला उठले. दारात थांबून म्हणाले, "पण एक नवल वाटतं हो, रागावू नका. एवढी माणसं घरात, इतकी वर्षं खाताय. एकाच्याही नाकाला कळलं नाही?"

हे छताकडे बघायला लागले. लेक माझ्याकडे.

"कळतं की," सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या सुनेला कळतं. पण ऑफिसचं काम ती कधी घरी आणत नाही हो."